न खपलेली कार्ट्रिज कुणाच्या गळ्यात? सुरुवातीच्या व्हिडिओ गेमच्या धंद्याची गोष्ट

दिवाळी अंक काढणाऱ्या माणसाला अंक किती छापले ते विचारा, तो लगेच सांगेल. किती खपले ते विचारा, जरा थांबून सांगेल. परत किती आले ते विचारलंत, तर त्याचा आवाजच बदलेल. कागदाचे आणि छपाईचे पैसे आधीच गेलेले असतात, गठ्ठे परत येतात आणि जानेवारीत दिवाळी अंकाला रद्दीचा भाव येतो. असा हंगामी धंदा तरणार की बुडणार हे बऱ्याचदा एकाच प्रश्नावर ठरतं: न खपलेला माल कुणाच्या गळ्यात पडणार?

अमेरिकेत १९७२ च्या सुमाराला उभा राहिलेला व्हिडिओ गेमचा धंदा मला याच प्रश्नातून नीट समजला. दहा-अकरा वर्षांत तो शून्यातून सुमारे ३०० कोटी डॉलरच्या बाजारापर्यंत पोचला, पुढच्या दोन वर्षांत जवळजवळ नाहीसा झाला आणि मग एका जपानी कंपनीनं तो वेगळ्याच नियमांवर पुन्हा उभा केला. ‘वाईट गेम आले म्हणून धंदा बुडाला’ हे स्पष्टीकरण सगळीकडे वाचायला मिळतं. वाईट गेम आले हे खरं आहे. पण वाईट सिनेमे दर शुक्रवारी येतात, तरी थिएटरं चालू राहतात. अख्खा बाजार बसायला त्याहून खोल काहीतरी बिघडावं लागतं, आणि ते कुठं बिघडलं हे गेमकडे पाहून कळत नाही, गोदामाकडे पाहून कळतं.

नाण्यांचा गल्ला

सुरुवात बारमधल्या यंत्रांपासून करू, कारण पहिला पैसा तिथंच होता.

नोलान बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी प्रत्येकी २५० डॉलर घालून जून १९७२ मध्ये कॅलिफोर्नियात अटारी ही कंपनी काढली. अ‍ॅल अल्कॉर्न या तरुण इंजिनिअरला बुशनेलनं सरावासाठी म्हणून एक सोपं काम दिलं: पडद्यावर दोन फळ्या आणि एक चेंडू. त्यातून ‘पाँग’ झाला. त्याचं पहिलं यंत्र सनीव्हेल गावातल्या अँडी कॅप्स नावाच्या बारमध्ये ठेवलं. थोड्याच दिवसांत ते बंद पडल्याचा निरोप आला. अल्कॉर्ननं जाऊन उघडलं, तर आतला नाण्यांचा डबा तुडुंब भरून वाहत होता आणि नाणं पडायची जागाच अडली होती.

ही गोष्ट सगळे सांगतात. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की अशी यंत्रं बारमध्ये ठेवून पैसे गोळा करण्याची व्यवस्था तिथं कित्येक वर्षं आधीपासून होती. गाणी वाजवणारे ज्यूकबॉक्स आणि पिनबॉलची यंत्रं त्याच साखळीतून फिरत. कारखानदार यंत्र बनवून वितरकाला विकणार. वितरक ते ‘ऑपरेटर’ला विकणार. ऑपरेटर म्हणजे गावभर पन्नास ठिकाणी यंत्रं लावून ठेवणारा आणि आठवड्याला फिरून गल्ला रिकामा करणारा माणूस. बारचा मालक फक्त जागा आणि वीज देणार, आणि जमलेल्या नाण्यांतला साधारण निम्मा वाटा घेणार.

या साखळीत जोखीम कशी पसरते ते पाहा. एखाद्या बारमध्ये यंत्र चाललं नाही, तर ऑपरेटर ते गाडीत घालून पुढच्या पिझ्झाच्या दुकानात नेतो. तिथंही नाही चाललं तर तिसरीकडे. यंत्र पडून राहत नाही, जागा बदलतं. अगदीच जुनं झालं तर आतली सर्किटची पाटी बदलून त्यात दुसरा गेम बसवता येतो. कारखानदाराचा हिशेब यंत्र विकलं त्या दिवशीच मिटलेला असतो.

आणि विकलं जातं ते काय? वेळ. २५ सेंटचं एक नाणं टाकून सरासरी तीन मिनिटं खेळता आलं, तर तासाला २० डाव आणि ५ डॉलर. डाव सहा मिनिटं चालला की कमाई निम्मी. म्हणून नाणं टाकून खेळायचे हे जुने ‘आर्केड’ गेम इतके कठीण असतात. नवख्याला काही क्षणांत कळलं पाहिजे काय करायचं ते, आणि काही मिनिटांत तो हरला पाहिजे, पण ‘अजून एकदा’ असं वाटून. किती जीव द्यायचे, किती गुणांवर जादा जीव द्यायचा, हे ठरवणारी बारीक बटणं यंत्राच्या आत असत आणि ती ऑपरेटरच्या हातात असत. गेमची अवघडता हा गल्ल्याचा भाग होता. या खेळांतली कला मी मनापासून मानतो, आणि ती या हिशेबाच्या दाबाखाली घडली हे कळल्यावर तिच्याबद्दलचा आदर वाढलाच.

हाताशी भांडवल नसताना अटारीनं एवढी यंत्रं बनवली ती उधारीच्या बळावर. सुटे भाग पुरवठादाराकडून महिन्या-दोन महिन्यांच्या मुदतीवर उचलायचे, यंत्र झटपट जोडून रोखीनं विकायचं आणि आलेल्या पैशातून देणं भागवायचं. माल वेगानं फिरत राहिला तर ही सायकल चालते, थांबली की पडते. १९७४ मध्ये ती पडायच्या बेतात आली. ‘ग्रान ट्रॅक १०’ हा गाडी चालवण्याचा गेम बनवायला १,०९५ डॉलर लागत होते आणि हिशेबातल्या चुकीमुळे तो ९९५ डॉलरला विकला जात होता. मागणी भरपूर, आणि प्रत्येक यंत्रामागं १०० डॉलरचा तोटा.

त्या वर्षी अटारीला वाचवलं एका वेगळ्याच चालीनं. तेव्हा बहुतेक शहरांत दोन मोठे वितरक असत आणि प्रत्येकाची अट असे की माल फक्त मलाच द्यायचा. म्हणजे अटारीला शहरातला अर्धाच बाजार मिळे. म्हणून बुशनेलनं आपला शेजारी जो कीनन याला पुढं करून १९७३ मध्ये ‘की गेम्स’ नावाची कंपनी काढली. बाहेरून ती अटारीची प्रतिस्पर्धी दिसे, आतून ती अटारीचीच होती. एक वितरक अटारीचा माल घेई, दुसरा की गेम्सचा. नाव दोन, कारखान्याची डोकी तीच. १९७४ च्या शेवटी की गेम्सचा ‘टँक’ हा गेम तुफान चालला, दोन्ही कंपन्या उघडपणे एक झाल्या आणि कीनन अटारीचा अध्यक्ष झाला.

घरातला टीव्ही

घरच्या टीव्हीला जोडायचं पहिलं यंत्र अटारीचं नव्हतं. राल्फ बेअर या इंजिनिअरच्या कल्पनेवरून मॅग्नावॉक्स या टीव्ही बनवणाऱ्या कंपनीनं १९७२ मध्येच ‘ओडिसी’ आणलं होतं. पण ते मॅग्नावॉक्सच्याच दुकानांत मिळे, त्यामुळे ते फक्त मॅग्नावॉक्सच्या टीव्हीवर चालतं असा बऱ्याच गिऱ्हाइकांचा समज झाला. पेटंटं मात्र मॅग्नावॉक्सकडे होती. तिनं अटारीसकट अनेकांवर दावे लावले आणि अटारीनं १९७६ मध्ये तडजोड करून परवाना घेतला. पुढची अनेक वर्षं ही पेटंटं मॅग्नावॉक्सला यंत्रांहून चांगला पैसा देत राहिली.

अटारीनं घरगुती पाँग आणला १९७५ मध्ये. खेळण्यांच्या व्यापाऱ्यांनी तो घेतला नाही. घेतला सीअर्स या अवाढव्य दुकानसाखळीच्या क्रीडासाहित्य विभागानं, तेही तब्बल १,५०,००० नग आणि आपल्या ब्रँडच्या नावानं. नंतर जनरल इन्स्ट्रुमेंट या कंपनीनं अख्खा पाँग एकाच चिपवर बसवून ती चिप कुणालाही विकायला काढली. मग काय, चिप आणा, खोका बनवा, वर नाव छापा. डझनावारी कंपन्यांनी तेच केलं. १९७७ मध्ये बाजारात एकसारख्या खोक्यांचा इतका ढीग झाला की ते मातीमोलानं विकावे लागले.

पुढं काय होणार याची ही पहिली सूचना होती. त्यातून धंद्यानं धडा घेतला, पण अर्धाच: एका खोक्यात एकच गेम असेल तर तो खोका एकदाच विकता येतो. म्हणून खोका एकदा विकावा आणि गेम पुन्हा पुन्हा विकावेत.

यंत्राच्या खाचेत बसवायची, गेम असलेली वेगळी डबी, आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी जिला ‘कॅसेट’ म्हटलं, ती ही कार्ट्रिज. बदलता येणाऱ्या कार्ट्रिजचं पहिलं यंत्र १९७६ मध्ये फेअरचाइल्ड कंपनीनं आणलं, आणि ते घडवणाऱ्या गटाचा प्रमुख जेरी लॉसन हा त्या काळात या क्षेत्रात असलेल्या मोजक्या कृष्णवर्णीय इंजिनिअरांपैकी एक होता. अटारीचं व्हीसीएस, म्हणजे पुढं ‘२६००’ म्हणून गाजलेलं यंत्र, सप्टेंबर १९७७ मध्ये सुमारे २०० डॉलरला आलं. त्यासाठी लागणारं भांडवल अटारीकडे नव्हतं, म्हणून बुशनेलनं १९७६ मध्येच कंपनी सिनेमा आणि संगीताच्या धंद्यातल्या वॉर्नर कम्युनिकेशन्सला २.८ कोटी डॉलरला विकली होती.

या धंद्याचं गणित संगणकाच्या प्रिंटरसारखं आहे. प्रिंटर स्वस्तात मिळतो, शाई महाग पडते. व्हीसीएसवर नफा बेताचाच होता. कार्ट्रिज बनवायला काही डॉलर लागत आणि ती दुकानात वीस-तीस डॉलरला जाई. एका घरात यंत्र शिरलं की त्या घराकडून पुढं कित्येक वर्षं कार्ट्रिजचे पैसे येत राहणार, हा हिशेब. १९८० मध्ये अटारीनं तायतो या जपानी कंपनीकडून ‘स्पेस इन्व्हेडर्स’चा परवाना घेऊन तो घरगुती यंत्रावर आणला आणि या हिशेबाची ताकद सगळ्यांना दिसली. लोक एका कार्ट्रिजसाठी यंत्र विकत घेऊ लागले.

दार उघडं राहिलं

या सुंदर गणितात एक भोक होतं. व्हीसीएसच्या खाचेत कुणाची कार्ट्रिज बसावी यावर अटारीचा कसलाही ताबा नव्हता. आतली चिप बाजारात मिळणारी होती. यंत्र कसं चालतं हे ज्याला कळलं, तो कार्ट्रिज बनवू शकत होता. आणि ते सगळ्यांत चांगलं कळत होतं अटारीच्याच नोकरांना.

बुशनेल १९७८ च्या शेवटी बाहेर पडला आणि कापड उद्योगातून आलेला रे कसार प्रमुख झाला. कसारनं कंपनीला शिस्त लावली आणि वर्षभर जाहिरात सुरू ठेवली, हे त्याचं श्रेय. पण गेम घडवणाऱ्या माणसांना तो कारखान्यातल्या कामगारांसारखं मोजत होता. खोक्यावर त्यांचं नाव येत नसे आणि विक्रीत त्यांना वाटा नसे. कोणते गेम किती खपले याचा एक कागद या मंडळींच्या हाती पडला. डेव्हिड क्रेननं पुढं अनेकदा सांगितलं आहे की तो आणि त्याचे तीन सहकारी यांच्या गेमनी वर्षाच्या सुमारे १० कोटी डॉलरच्या कार्ट्रिजविक्रीतले ६ कोटी आणले होते. पगार वर्षाला तीस हजार डॉलरच्या आतबाहेर. चौघं कसारकडे गेले, वाटा आणि नाव मागितलं. त्यानं नकार दिला.

क्रेन, लॅरी कॅप्लान, अ‍ॅलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड बाहेर पडले आणि संगीताच्या धंद्यातून आलेल्या जिम लेव्हीबरोबर १९७९ मध्ये त्यांनी अ‍ॅक्टिव्हिजन काढली. दुसऱ्याच्या यंत्रासाठी फक्त गेम बनवून विकणारी ही पहिली कंपनी. गायकाचं नाव तबकडीवर येतं तसं गेम घडवणाऱ्याचं नाव खोक्यावर आलं. अटारीनं खटला भरला. १९८२ मध्ये तडजोड झाली: अ‍ॅक्टिव्हिजननं रॉयल्टी द्यावी आणि गेम विकत राहावेत. त्याच वर्षी क्रेनचा ‘पिटफॉल’ आला आणि पुढं त्याच्या ४० लाखांहून जास्त प्रती गेल्या.

त्या चौघांची मागणी रास्त होती असं मला ठाम वाटतं. पण त्यांच्या यशानं दुसरंही एक घडलं. दार उघडं आहे हे सगळ्या जगाला कळलं. प्रत्येक जण क्रेन नव्हता. ओट्स विकणाऱ्या क्वेकर कंपनीनं गेम बनवणारी कंपनी विकत घेतली. कुत्र्यांचं खाद्य विकणाऱ्या प्युरिनानं आपल्या जाहिरातीवरचा गेम काढला. १९८२ च्या हंगामाला दुकानांच्या फळ्यांवर इतक्या कंपन्यांच्या कार्ट्रिज होत्या की चांगली कोणती हे दुकानदारालाही सांगता येत नव्हतं.

चिपची मुदत आणि फुगलेली मागणी

आता या गोष्टीचा गाभा, आणि इथं मी जरा रेंगाळणार आहे.

कार्ट्रिजमध्ये ज्या चिपवर गेम असतो, ती बनवताना गेमचा मजकूर कारखान्यातच कायमचा कोरला जातो. त्यासाठी आधी साचा करावा लागतो, ऑर्डर हजारोंनी द्यावी लागते आणि माल हाती यायला कित्येक आठवडे जातात. एकदा कोरलेली चिप पुसून तीवर दुसरा गेम घालता येत नाही. आता यात खेळण्यांच्या धंद्याचा हंगाम मिसळा. अमेरिकेत अशा वस्तूंची मोठी विक्री नाताळाच्या आधीच्या काही आठवड्यांत होते. म्हणजे डिसेंबरात किती खपेल याचा अंदाज उन्हाळ्यातच बांधून पैसे गुंतवायचे. कमी मागवलं तर हंगाम गेला. जास्त मागवलं तर जानेवारीत हातात राहतो तो फक्त प्लॅस्टिकचा ढीग.

अंदाज बांधायचा कशावरून? वितरकांच्या ऑर्डरवरून. आणि त्याच खोट्या होत्या. खोट्या म्हणजे फसवणुकीच्या नव्हेत, भीतीच्या. १९८० आणि ८१ मध्ये अटारीचा माल कायम अपुरा पडे. दहा पेट्या मागितल्या की चार येतात हे कळलेला दुकानदार पुढच्या वेळी पंचवीस मागतो. टंचाईच्या दिवसांत आपल्याकडचे दुकानदारही तेच करायचे. १९८१ च्या शेवटी अटारीनं वितरकांना सांगितलं की १९८२ च्या पूर्ण वर्षाची ऑर्डर आत्ताच द्या. वितरकांनी आधीच्या टंचाईच्या अनुभवावरून आकडे फुगवून दिले. अटारीनं ते खरी मागणी समजून कारखाने लावले. दरम्यान डझनावारी नव्या कंपन्या त्याच फळीवर आल्या, कोलेको या प्रतिस्पर्धी कंपनीनं ‘डाँकी काँग’ या गाजलेल्या गेमसकट नवं यंत्र आणलं, आणि वितरकांनी ऑर्डरी रद्द करायला सुरुवात केली.

रद्द करता येत होत्या आणि माल परतही करता येत होता, ही दुसरी गोम. दुकानदाराला फळी द्यायला राजी करायचं तर न खपलेला माल परत घ्यायची तयारी लागते. म्हणजे कागदावर ‘विक्री’ म्हणून लिहिलेला आकडा पुढच्या तिमाहीत उलटा फिरू शकतो. दिवाळी अंकवाल्याला हे पाठ असतं. कापडाच्या आणि सिनेमाच्या धंद्यातून आलेल्या, दोन वर्षं नुसती वाढच पाहिलेल्या साहेबांना ते दिसलं नाही.

याच वातावरणात ‘ई.टी.’ या गाजलेल्या सिनेमावरच्या गेमचा प्रसंग घडला. १९८२ च्या जुलैअखेर वॉर्नरनं त्या सिनेमाचे हक्क मिळवले. रक्कम २ ते अडीच कोटी डॉलर सांगितली जाते. नाताळाला दुकानात हवा तर सप्टेंबरच्या सुरुवातीला गेम तयार हवा. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या प्रोग्रॅमरला सुमारे पाच आठवडे मिळाले. एरवी एका गेमला सहा महिने लागत. त्यानं तो पुरा केला आणि अटारीनं सुमारे ४० लाख कार्ट्रिज बनवल्या.

जरा भागाकार करू. अडीच कोटी डॉलर ४० लाख कार्ट्रिजवर वाटले, तर दर कार्ट्रिजमागं सहा डॉलरहून जास्त फक्त हक्कांचे. चिप, खोका, जाहिरात, दुकानदाराचं कमिशन वेगळं. सगळ्या खपल्या असत्या तरच हे जमणार होतं. निम्म्या खपल्या, तर हक्कांचा भार प्रत्येक कार्ट्रिजवर बारा डॉलरच्या पुढं जातो आणि उरलेल्या २० लाखांचा खर्च डोक्यावर बसतो. गेम बरा असता तरी हे गणित अवघडच होतं. वॉरशॉला चाळीस वर्षं दोष देणाऱ्यांनी एकदा हा हिशेब करून पाहावा. त्याच माणसाचा ‘यार्स रिव्हेंज’ हा त्या यंत्रावरच्या सर्वोत्तम गेमपैकी एक आहे.

७ डिसेंबर १९८२ ला अटारीनं जाहीर केलं की वाढ अपेक्षेप्रमाणे ५० टक्के होणार नाही, १० ते १५ टक्केच होईल. लक्षात घ्या, वाढ होणारच होती. पण वॉर्नरच्या नफ्यातला निम्म्याहून जास्त वाटा तेव्हा अटारीचा होता, आणि वॉर्नरचा शेअर एकतृतीयांशानं कोसळला. त्या घोषणेच्या २३ मिनिटं आधी कसारनं आपले वॉर्नरचे ५,००० शेअर विकले होते. पुढं चौकशी झाली, दोष मान्य न करता त्यानं नफा परत केला आणि १९८३ मध्ये त्याला अटारी सोडावी लागली.

मग ढासळण्याचा वेग वाढला, तो असा. जानेवारीत दुकानदारांनी माल परत पाठवायला काढला. लहान गेम कंपन्यांकडे पैसे परत द्यायला नव्हते आणि बदलीत द्यायला नवे गेमही नव्हते. त्या बंद पडल्या. दुकानदारांच्या हाती राहिला बेवारस माल. तो त्यांनी टोपलीत ओतला आणि ३५ डॉलरची कार्ट्रिज पाच डॉलरला विकायला काढली. आता ज्या कंपन्या चांगल्या होत्या त्यांचंही मरण आलं, कारण नवा, मेहनतीनं केलेला ३५ डॉलरचा गेम आणि शेजारच्या टोपलीतले सात गेम यांत आई-बाप मुलाला काय घेऊन देणार? बुडालेल्या कंपनीचा माल जिवंत कंपनीला बुडवत होता. त्यात कमोडोर कंपनीनं आपला सी-६४ हा संगणक ५९५ डॉलरवरून वर्षभरात २०० डॉलरच्या आसपास आणला. एवढ्या पैशात संगणक येतो तर गेमचं यंत्र कशाला, असं घराघरांत बोललं जाऊ लागलं.

अटारीनं १९८३ मध्ये ५० कोटी डॉलरहून जास्त तोटा सोसला. सप्टेंबरमध्ये तिच्या टेक्सासमधल्या एल पासोच्या कारखान्यातून ट्रक निघाले आणि न्यू मेक्सिकोतल्या आलामोगोर्डो गावाच्या कचराभूमीत त्यांनी कार्ट्रिज पुरल्या. एप्रिल २०१४ मध्ये ती जागा खणली गेली. लोकांना वाटत होतं तिथं फक्त ‘ई.टी.’ असेल. तो निघाला, पण थोडाच. बाकी अनेक वेगवेगळे गेम होते, त्यांत अटारीचे चांगले चाललेले गेमही होते. फसलेला गेम पुरून टाकला, असं ते नव्हतं. शिल्लक माल पुरला होता. १९८५ पर्यंत अमेरिकेतला घरगुती गेमचा बाजार १० कोटी डॉलरवर आला.

ब्रिटनमध्ये मात्र हे घडलं नाही, आणि त्याचं कारण बोलकं आहे. तिथं मुलं स्पेक्ट्रमसारख्या स्वस्त संगणकांवर खेळत आणि गेम गाण्याच्या साध्या कॅसेटवर येत. कॅसेट थोड्या प्रतींतही काढता येते, खपली की आणखी काढता येते. तिथं गोदामात अडकायला फारसं काही नव्हतंच.

क्योटोचे नियम

निंटेंडो ही १८८९ मध्ये पत्ते बनवण्यासाठी निघालेली क्योटोतली कंपनी. न खपलेल्या मालाची झळ तिनंही सोसली होती. १९८० मध्ये तिच्या अमेरिकी शाखेनं ‘रेडार स्कोप’ची ३,००० यंत्रं मागवली आणि त्यांतली सुमारे २,००० पडून राहिली. त्यांच्या आतली पाटी बदलून जो गेम घातला तो ‘डाँकी काँग’. शिल्लक मालातून वाचण्याचा तो मार्ग आर्केडमध्ये होता, घरगुती कार्ट्रिजमध्ये नव्हता.

जुलै १९८३ मध्ये, म्हणजे अमेरिकेत पडझड चालू असताना, निंटेंडोनं जपानात फॅमिकॉम हे यंत्र १४,८०० येनला आणलं. १९८५ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कमध्ये ते नव्या रूपात विकायला काढलं, तेव्हा दुकानदार ‘व्हिडिओ गेम’ हा शब्दही ऐकायला तयार नव्हते. म्हणून त्याला ‘एंटरटेनमेंट सिस्टिम’ म्हटलं, ते व्हिडिओ रेकॉर्डरसारखं दिसेल असं घडवलं आणि सोबत खेळण्यातला रोबो दिला. त्याहून मोठी गोष्ट, दुकानदारांना शब्द दिला की न खपलेला माल आम्ही परत घेऊ. सुरुवातीची जोखीम कंपनीनं स्वतःवर घेतली.

ती नंतर दुसऱ्यांच्या डोक्यावर कशी गेली ते करारात दिसतं. अमेरिकेतल्या यंत्रात आणि प्रत्येक कार्ट्रिजमध्ये एकमेकींना ओळखणारी चिप होती. ओळख पटली नाही तर यंत्र पुन्हा पुन्हा बंद-चालू होत राही. ज्या दाराला अटारीनं कडी लावली नव्हती, त्याला हे कुलूप. दुसऱ्या कंपनीला गेम काढायचा, तर परवाना घ्यायचा. वर्षाला जास्तीत जास्त पाच गेम. तोच गेम दोन वर्षं दुसऱ्या यंत्रावर द्यायचा नाही. आणि कार्ट्रिज निंटेंडोच बनवणार, ठरावीक संख्येच्या खाली ऑर्डर घेणार नाही, पैसे आगाऊ. त्या खपल्या किंवा न खपल्या, निंटेंडोचे पैसे आलेले असत. शिल्लक राहिली तर ती गेम काढणाऱ्याची. शिवाय किती कार्ट्रिज बाजारात जाणार हे निंटेंडोच्या हाती असल्यामुळे फळी कायम थोडी रिकामी ठेवता येत होती. १९८८ मध्ये चिपची टंचाई झाली, तेव्हा कुणाला किती माल मिळणार हेही तीच ठरवत होती.

पाच गेमची मर्यादा कोनामी या जपानी गेम कंपनीनं अल्ट्रा नावाची दुसरी कंपनी काढून ओलांडली. पंधरा वर्षांपूर्वी अटारीनं की गेम्स काढली होती त्याचीच ही आवृत्ती. जुन्या अटारीच्या आर्केड विभागातून निघालेल्या अटारी गेम्सनं टेंजेन या नावानं कुलपाची किल्लीच तयार केली आणि परवान्याशिवाय कार्ट्रिज विकल्या. ती किल्ली बनवताना सरकारी कॉपीराइट कार्यालयातून निंटेंडोचा प्रोग्रॅम चुकीचं कारण सांगून मिळवल्याचं कोर्टात उघड झालं आणि ती लढाई ती हरली. दुकानांवर किमतीसाठी दबाव आणल्याच्या आरोपावरून निंटेंडोनं १९९१ मध्ये सरकारशी तडजोड केली आणि गिऱ्हाइकांना पाच-पाच डॉलरची कूपनं देण्याचं मान्य केलं, एकूण मर्यादा २.५ कोटी डॉलर.

या नियमांनी बाजार सावरला हे मान्य करावं लागतं, आणि ते जाचक होते हेही. कुलूप होतं म्हणून टोपलीतल्या पाच डॉलरच्या कचऱ्यानं पुन्हा कुणी मेलं नाही. पण त्याच कुलपामुळे क्रेन आणि मंडळींसारखे चौघं गॅरेजमधून उठून स्वतःच्या हिमतीवर गेम विकतील, ही शक्यता घरगुती यंत्रांपुरती मिटली.

आपल्याकडे या कुलपाचा जाच कधी पोचलाच नाही. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या गल्लोगल्लीच्या दुकानांत मिळणारे स्वस्त ‘टीव्ही गेम’ हे जपानी फॅमिकॉमच्या नकला होत्या आणि मूळ जपानी फॅमिकॉममध्ये ती ओळख पटवणारी चिप नव्हतीच. म्हणून एका रंगीत कॅसेटमध्ये शेकडो गेम असल्याचा दावा छापून ती बिनधास्त विकता येई. आम्ही ती फुंकर मारून बसवायचो आणि तिच्यातला एकही पैसा ते गेम घडवणाऱ्यापर्यंत पोचत नव्हता हे आम्हाला माहीत नव्हतं.

कार्ट्रिजचा मूळ प्रश्न, आठवडे आधी अंदाज बांधून हजारोंनी माल कोरण्याचा, कुलपानं सुटला नव्हता, फक्त एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात गेला होता. तो सुटला डिसेंबर १९९४ मध्ये, सोनीनं प्लेस्टेशन आणलं तेव्हा. त्याचे गेम सीडीवर होते. सीडी छापायला कार्ट्रिजच्या मानानं किरकोळ खर्च येतो आणि ती छापून काही दिवसांत दुकानात पोचवता येते. गेम काढणारी कंपनी आधी थोड्या प्रती काढून विक्री पाहू शकत होती आणि खपला तर लगेच आणखी छापू शकत होती. निंटेंडोच्या सगळ्यांत जुन्या परवानाधारकांपैकी एक असलेली नामको पहिल्याच दिवसापासून सोनीकडे होती.